देवाला उटी आणि वारकऱ्याला पाणी

फाल्गुन सरत आला की वारकऱ्याचे पाय घरात ठरत नाहीत. वद्य द्वितीयेला देहूस तुकोबारायांची बीज, वद्य षष्ठीला पैठणास नाथषष्ठी, पाडव्याची गुढी उतरली की चैत्र शुद्ध एकादशीला पंढरपूर, आणि द्वादशीला तिकडे शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून शंभुमहादेवाच्या कावडी वर चढतात. पळस फुललेला असतो, कडुलिंबाला कोवळी पालवी आलेली असते, आंब्याला कैऱ्या लोंबत असतात. ह्या दिवसांत लोक रानावनात सहलीला जातात. आपली सहल म्हणजे वारी. खांद्यावर पताका, हातात टाळ, मुखात नाम आणि पायांखाली वाट, ह्याहून गोड वसंतविहार कोणता?

परंतु वसंत दिसायला जितका गोड तितका अंगावर घ्यायला सोपा नाही. पंढरीच्या चार मोठ्या वाऱ्या आपण मानतो. आषाढीला डोक्यावर मेघ असतात, कार्तिकी आणि माघीला थंडीची शाल असते. चैत्री ही एकटी उन्हाची वारी. सोलापूरच्या बाजूला एप्रिलमध्ये दुपारचे ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. डांबरी सडक तव्यासारखी तापते. आषाढीला जागोजाग पाण्याचे टँकर आणि डॉक्टरांची पथके उभी असतात. चैत्रीच्या लहान दिंड्यांना तेवढा बंदोबस्त लाभत नाही. त्यांची काळजी त्यांनाच वाहावी लागते. म्हणून आज प्रवचनाचा विषय घेतला आहे तो हा की, ह्या उन्हाच्या वारीत देह कसा सांभाळावा, आणि तो सांभाळणे हा परमार्थ आहे की नाही.

आधी राउळात काय चालते ते पाहू. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत पांडुरंगाला चंदनाची उटी लावतात. का लावतात? तर देवाला उन्हाळा बाधू नये, त्याच्या अंगाचा दाह शमावा म्हणून. आता नीट विचार करा. तो परब्रह्म आहे. ज्याच्या तेजाने सूर्य तापतो त्याला सूर्याचा ताप कसा व्हायचा? तरी भक्ताचे प्रेम ऐकत नाही. ते म्हणते, माझ्या देवाला उकडत असेल हो! आणि सहाणेवर चंदन उगाळू लागते. हे आपल्या संप्रदायाचे वर्म आहे. येथे देवाला तहान आहे, भूक आहे, त्याला थंडी वाजते, त्याला ऊन लागते.

मग माझा प्रश्न असा की, जो देव राउळात आहे तोच माझ्या शेजारी चालणाऱ्या वारकऱ्याच्या देहात आहे, हे आपण रोज कीर्तनात ऐकतो ना? एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतो ना? पायांवर डोके ठेवतो ना? मग राउळातल्या देवाला उटी, आणि ह्या चालत्या बोलत्या देवाने भर दुपारी वाटेत चक्कर येऊन पडावे, ही कोणती भक्ती?

येथे कोणी म्हणेल, “महाराज, देव राखणारा असताना ऊन काय करणार? देहाचे लाड करायचे तर घरीच बसावे. कष्ट सोसले तरच वारी.” ही शंका वरवरची नाही, भाविक अंतःकरणातून आलेली आहे. तिचे उत्तर नीट दिले पाहिजे.

देहाचे लाड निराळे आणि देहाचा सांभाळ निराळा. टाळ वाजवणारा टाळाची दोरी तपासतो, वीणेकरी वीणेची तार जपतो, पखवाजाला वेळच्या वेळी कणीक लावतात. ह्याला कोणी पखवाजाचे लाड म्हणत नाही. ते केले नाही तर भजन बंद पडेल. नरदेह हे सर्वात मोठे भजनाचे साधन. ते आपण कमावलेले नाही, देवाने वापरायला दिलेले आहे. दुसऱ्याची वस्तू आपण जपून वापरतो, नाही का? भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला हेच सांगितले की, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आमच्या ज्ञानोबामाउलींनी त्यावर भाष्य करताना जिभेच्या गुलामाला जसे बाजूला काढले, तसेच हट्टाला पेटून तहानभूक कोंडून धरणाऱ्यालाही काढले. दोघांचा दोष एकच. दोघांचे लक्ष देवाकडे नाही, देहाकडे आहे. एक देहाला गोंजारण्यात गुंतला, दुसरा देहाला छळण्यात गुंतला.

आणि ‘देव राखील’ म्हणता ते शंभर टक्के खरे. पण तो राखतो कसा? चतुर्भुज होऊन दर वेळी येत नाही. तो शेजारच्याच्या हाताने तांब्या पुढे करतो. तो तांब्या आपण परत लोटला तर राखणाऱ्याचा हातच आपण लोटला.

नाथमहाराजांचे चरित्र आठवा. षष्ठीला पैठणास जाणाऱ्याने तर आठवावेच. सांगतात ना, भर दुपारी गोदावरीचे वाळवंट तापले होते आणि एक लेकरू आईमागे धावताना त्या वाळूत अडकून पडले, पाय पोळून रडू लागले. ज्याला शिवायचे नाही असे त्या काळचे लोक मानीत, अशा घरचे ते लेकरू. नाथांनी विचार केला नाही, उचलून कडेवर घेतले, पुसले, घरी नेऊन पोचवले. दुसरी कथा कावडीची. काशीहून रामेश्वराला घालायचे गंगोदक खांद्यावर, आणि वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. सोबतच्यांना वाटले, एवढ्या लांबून आणलेले पाणी, देवाचे पाणी! नाथांनी ते गाढवाच्या तोंडात ओतले. रामेश्वर तेथेच पावला.

दोन्ही कथा उन्हाच्या आहेत, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. एकीत पोळलेले पाय आहेत, दुसरीत कोरडा पडलेला घसा आहे. उन्हाळ्यात देव कोणत्या रूपाने भेटतो हे नाथांना ठाऊक होते.

आता व्यवहाराकडे वळू.

पहिली गोष्ट वेळेची. पहाटे लवकर निघावे आणि दहा-साडेदहाला मुक्काम गाठावा किंवा दाट सावली धरावी. चार वाजेपर्यंत तेथून हलू नये. भजन करावे, हरिपाठ करावा, म्हाताऱ्यांना लवंडू द्यावे. एखादा तरुण घाई करतो, “चला हो, दोन कोस तर राहिलेत, देव वाट पाहतोय.” त्याला म्हणावे, बाळा, पुंडलिकाची गोष्ट विसरलास का? तो आईबापाची सेवा करीत होता म्हणून देवाकडे वीट फेकली आणि म्हणाला, थांब. तो देव अजून कमरेवर हात ठेवून थांबलेला आहे. जो एका लेकासाठी युगानुयुगे थांबला तो दिंडीतल्या म्हातारीसाठी दुपारचे चार वाजेपर्यंत थांबणार नाही का?

दुसरी गोष्ट पाण्याची. तहान लागण्याची वाट पाहू नये. वय झाले की तहानेची जाणीव मंद होते; पाणी कमी पडलेले असते तरी म्हाताऱ्या माणसाला ते कळत नाही. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. एकदम दोन तांबे ढोसू नयेत. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी किती प्यावे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे हे जवळ असावे. चैत्रगौरीला पन्हे करण्याची आणि चैत्रापासून वाटेवर पाणपोई घालण्याची चाल आपल्या पूर्वजांनी घालून दिली. ऋतू ओळखूनच धर्म सांगितला आहे. रस्त्यावरचा बर्फ मात्र टाळावा. तो कोणत्या पाण्याचा हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पाणी स्वच्छ हवे, हे आपल्या यात्रांना वेगळे सांगावे लागू नये. पटकीने पंढरीच्या वाटेवर मागल्या काळी किती घरे ओस पाडली ह्याच्या आठवणी जुन्या घराण्यांतून निघतात. चंद्रभागा ही आमची माय. तिचे तीर्थ डोळ्यांना लावावे, मस्तकी धरावे. परंतु आपण लाखो लेकरांनी जिच्यात स्नान केले तिचे पाणी तसेच पिण्याचा हट्ट धरू नये. मायेचा त्यात अपमान नाही. मळवले आपण, तिने नव्हे. पाणी खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, रोगाचे जंतू मरत नाहीत.

जुलाब लागलेच तर एक ओळखीचे औषध दिंडीत कोणालाही करता येते. लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. घोट घोट देत राहावे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस ह्यांनी साखर, मीठ आणि थोडा सोडा घातलेले पाणी पिंपे भरभरून ठेवले आणि आप्तांच्या हातांनीच रोग्यांना पाजवले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यू चाराच्या खाली आले. पुढे सगळ्या जगाने ही रीत उचलली. आईने लेकराला वाटीने पाजलेले मीठसाखरपाणी सुईच्या बरोबरीने उभे राहिले!

तिसरी गोष्ट ऊन लागण्याची. ही सर्वांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण येथे घटका दोन घटकांत माणूस हातचा जातो. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, लघवी थोडी आणि गडद पिवळी होणे ही पहिली खूण. तेव्हाच सावलीत बसवावे, पाणी पाजावे, त्या दिवशी पुढे चालू देऊ नये. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, झटके आले, तर तो उष्माघात होय. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चालणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. तेव्हा एकाने १०८ ला फोन लावावा आणि बाकीच्यांनी क्षणभरही न थांबता त्याचे अंग गार करावे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावे, उपरण्याने वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत ओले फडके ठेवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तोंडात तीर्थ घालण्याची घाई नको. आधी अंगावर पाणी.

ही नुसती भीती घालणे नव्हे. १६ एप्रिल २०२३ ला, चैत्र वद्य एकादशीला, नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर लाखो भाविक सत्कार समारंभासाठी भर उन्हात तासन् तास बसले होते. त्यातले १४ जण उष्माघाताने गेले. ते चाललेही नव्हते, नुसते बसलेले होते. श्रद्धेने आलेली माणसे होती. श्रद्धा आणि सावली ह्यांचे वैर नाही, एवढा बोध आपण घेतला तर त्यांना ती श्रद्धांजली होईल.

चौथी गोष्ट वाटेची. ऊन टाळायचे म्हणून आपण अंधारात चालतो, आणि अंधारात दुसरे संकट उभे असते. ३१ ऑक्टोबर २०२२ ला कार्तिकीच्या वाटेवर, सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, दिवेलागणीला एक मोटार दिंडीत शिरली आणि ७ वारकरी ठार झाले. म्हणून मोठा रस्ता शक्यतो सोडावा, गावरस्त्याने जावे. मोठ्या रस्त्यानेच जावे लागले तर कडेने एका ओळीत चालावे. दिंडीच्या पुढे आणि मागे लाल दिवा धरलेला माणूस असावा. पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. पताकेने आपली ओळख देवाला पटते, गाडीवाल्याला पट्टीच दिसते.

राहता राहिल्या किरकोळ वाटणाऱ्या बाबी. अनवाणी चालण्याचा नेम ज्याने केला त्याला माझा दंडवत. पण मधुमेह असणाऱ्याने तो करू नये. त्याचे तळपाय बधिर असतात, पोळलेले कळत नाही आणि जखम चिघळते. झाडाखाली चूल मांडण्यापूर्वी वर पाहावे. आग्या मोहोळ असेल तर धुराने माशा उठतात आणि पळायला वाट राहत नाही. रात्री बॅटरीवाचून बाहेर जाऊ नये, अंथरूण आणि जोडे झटकून घ्यावेत. साप चावला तर चिरू नये, आवळून बांधू नये, मंत्रात वेळ घालवू नये. तो अवयव न हलवता थेट दवाखान्यात न्यावे. विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर ह्यांनी विंचूदंशावर जे उपचार घालून दिले त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचले आहेत, पण ते मिळायला दवाखान्यात वेळेवर पोचावे लागते.

आता उपवासाचे. एकादशी करावी, ती आपल्या संप्रदायाचा कणा आहे. परंतु चैत्री एकादशी निर्जळ करण्याचे कोणी सांगितलेले नाही. पंढरपुरात ह्या एकादशीला खुद्द पांडुरंगाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवण्याची रीत आहे! म्हणून आपण एकादशी मोडावी असे नव्हे; पण देव स्वतः ह्या दिवशी जेवतो, तर भक्ताने पाण्यावाचून तडफडावे अशी त्याची इच्छा कशी असेल? साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासात मात्रा किती घ्यायची हे आधी विचारून घ्यावे. औषध घेतले आणि पोट रिकामे ठेवले तर रक्तातली साखर एकदम उतरून शुद्ध जाते. भगरीचे पीठ जुने, ओलसर असेल तर वापरू नये, त्याने विषबाधा होते. आणि सकाळी केलेला प्रसाद उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ठेवून वाटू नये. प्रसाद टाकवत नाही म्हणता? मग पुरेल तेवढाच करावा.

हे सगळे सांगून झाले तरी एक अडचण उरते, आणि तीच सर्वात मोठी आहे. आजारी माणूस सांगत नाही. गरगरते आहे, छातीत कळ येते आहे, तरी म्हणतो, “काही नाही माउली, जरा डोळ्यांपुढे आलं, चला तुम्ही.” का लपवतो? त्याला भय असते की हे मला गाडीत बसवतील, घरी धाडतील, आणि माझी तीस वर्षांची वारी चुकेल. सोबत्यांना आपले ओझे नको, असेही त्याला वाटते. आयाबायांची व्यथा आणखी निराळी. वाटेत आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. कोणाला सांगतही नाहीत. तहान आणि लाज ह्यांच्यामध्ये त्या उन्हात चालत राहतात. हे आपल्याला दिसत नसेल तर आपण शेजारी चालून काय उपयोग?

म्हणून दिंडीचालकांना हात जोडून विनंती आहे. निघण्याच्या दिवशी सर्वांसमक्ष सांगा की, जो वाटेत चार कोस गाडीत बसेल त्याची वारी बुडाली असे आमच्या दिंडीत कोणी म्हणणार नाही. नेम देवासाठी आहे, आणि देव नेमाचा हिशेब पावलांनी मोजत नाही. दोन दोन वारकऱ्यांची जोडी लावून द्या; एकाने दुसऱ्याचे तोंड पाहत चालावे, सुकलेले दिसले की थांबवावे. औषधाची चिठ्ठी आणि घरचा फोन प्रत्येकाच्या पिशवीत असू द्या. आणि मुक्काम ठरवताना आधी बायामाणसांच्या सोयीची जागा पाहा, मग मंडपाची. एवढे झाले की त्या निःशंक पाणी पितील, आणि अर्धी दुखणी येणारच नाहीत.

आणि जो लपवतो त्यालाही दोन शब्द. बाबा, तू म्हणतोस सोबत्यांना माझा भार नको. पण तू नाथांच्या कथेतले लेकरू हो ना! ते लेकरू रडले म्हणून नाथांना ते दिसले. ते मुकाट्याने पोळत राहिले असते तर नाथांची सेवाही घडली नसती. सेवा करणे हा परमार्थ, तसे सेवा घेणे हाही परमार्थ आहे. त्यात अहंकार जास्त गळतो. “माउली, मला बरे वाटत नाही” हे म्हणायला जे धैर्य लागते ते दहा कोस चालण्याच्या धैर्याहून कमी नाही.

तात्पर्य, पांडुरंगाच्या अंगावर गार उटी आहे आणि तो विटेवर उभा आहे. तो कोठे जात नाही. आपण सावकाश जाऊ, सावलीने जाऊ, एकमेकांना पाणी पाजीत जाऊ. निघाले तेवढे सगळे महाद्वारी पोचावेत, आणि पोचले तेवढे सगळे आपापल्या घरी परतावेत, एवढेच मागणे त्याच्या चरणी मागून ही सेवा थांबवतो.

॥ रामकृष्णहरि ॥